उंदराचं पाचवं बोट

तायडेभाऊंनी मेणाचा ट्रे टेबलावर ठेवला तशी प्राचार्य बुटले सरांनी आपली खुर्ची वीतभर मागे घेतली. ट्रेमध्ये एक उंदीर उताणा टाचलेला होता. त्याच्या शेजारी काचेच्या बरणीत आमच्या कॉलेजचा एकुलता एक सॅलॅमँडर, म्हणजे पालीसारखा दिसणारा बेडकाचा भाऊबंद, बसला होता. बसला होता म्हणजे १९६४ सालापासून फॉर्मलीनमध्ये बुडून होता.

"मेलेला आहे ना हा?" बुटले सरांनी उंदराकडे न बघता विचारलं.

"टाचण्या मारल्या हायेत त्याले, सर," तायडेभाऊ म्हणाले. "जिता असता तं असा गप पडून राह्यला असता काय?"

"उमेकर, इतिवृत्तात घ्या. नमुना मृत असल्याची समितीने खात्री करून घेतली."

मी लिहून घेतलं. समिती तिघांची होती. एक, ज्यांनी प्राणिशास्त्राचं पुस्तक लिहिलं ते प्राध्यापक राजूरकर. दोन, ज्यांनी ते कधी उघडलं नाही ते बुटले सर. ते वाणिज्य शाखेचे. आणि तीन, त्या पुस्तकावर बोट ठेवून ज्याने एका मुलीचा गुण कापला तो मी. समितीपुढे प्रश्न एकच होता: उंदराच्या पुढच्या पायाला बोटं किती?

कुणालाही वाटेल, मोजावीत आणि घरी जावं. सकाळी अकरा वाजता आम्हालाही तसंच वाटलं होतं.

ही गोष्ट एक्क्याण्णव सालच्या जुलैतली. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी प्राणिशास्त्र शिकवायचो. शिकवायचो खरा, पण हंगामी. एप्रिल संपला की माझी सेवा संपायची आणि जुलैत नवा आदेश निघेपर्यंत मी कुणीच नसायचो. सासरी कुणी विचारलं, "जावई काय करतात?" तर बायको महिना कोणता आहे ते बघून उत्तर द्यायची. अशी पाच वर्षं गेली होती. त्या वर्षी मात्र विभागात एक कायम जागा आली होती. मुलाखती पुढच्या सोमवारी होत्या आणि निवड समितीत विभागप्रमुख म्हणून राजूरकर सर बसणार होते.

आमच्या प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत एक प्रश्न ठरलेला असायचा. उंदीर आणि सॅलॅमँडर शेजारी शेजारी ठेवायचे आणि पुढे पुठ्ठा लावायचा: 'दिलेल्या दोन नमुन्यांतील फरकाचे दहा मुद्दे लिहा.' दहा मुद्दे, दहा गुण. विभागातल्या बाकीच्या बरण्यांतले जीव केव्हाच विरघळून गेले होते. सॅलॅमँडर तेवढा टिकला होता आणि उंदीर तायडेभाऊ धान्याच्या गोदामातून दरवर्षी ताजा आणत. त्यामुळे प्रश्न बदलायची सोयच नव्हती.

मुलांनाही ते बरं पडे. राजूरकर सरांच्या 'प्राणिशास्त्र दीपिके'त ते दहा मुद्दे छापलेले होते. उंदराच्या अंगावर केस, सॅलॅमँडरची कातडी गुळगुळीत. उंदराला बाहेरचे कान, सॅलॅमँडरला नाहीत. उंदीर उष्ण रक्ताचा, सॅलॅमँडर थंड रक्ताचा. असं करत सातवा मुद्दा यायचा: 'उंदराच्या पुढच्या पायाला पाच बोटे असतात, सॅलॅमँडरच्या पुढच्या पायाला चार.' परीक्षेत मुलं नमुन्यांकडे पाठ फिरवून बसत, कारण फॉर्मलीनने डोळे झोंबत. पाठ केलेले दहा मुद्दे ती भराभर उतरवत आणि आम्ही भराभर दहा गुण देत असू. सगळं अगदी सुरळीत चाललं होतं.

सिंधू गावंडे नावाच्या मुलीने मात्र नमुन्यांकडे बघितलं.

ती हिवरी गावची. सहा मैलांवरून सायकलने यायची, शेवटच्या बाकावर बसायची, आणि तीन वर्षांत तिने मला दोनच प्रश्न विचारले असतील. सातव्या मुद्द्याशी तिने लिहिलं होतं: 'पुढच्या पायाची बोटे: उंदीर चार, सॅलॅमँडर चार. मागच्या पायाची: उंदीर पाच, सॅलॅमँडर पाच. या बाबतीत दोघांत फरक नाही.'

उत्तरपत्रिका तपासत मी त्याच प्रयोगशाळेत बसलो होतो. उंदीर माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मी नुसती मान वळवली असती तरी भागलं असतं. मी दीपिका उघडली, सातव्या मुद्द्याखाली बोट ठेवलं आणि सिंधूच्या ओळीवर तांबडी फुली मारली. दहापैकी नऊ. चांगले गुण दिले असंच मला वाटलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात निकाल लागला. सिंधूला हजारात पाचशे नव्व्याण्णव पडले. सहाशेला प्रथम श्रेणी. हिवरीच्या शाळेत विज्ञान शिक्षिकेची जागा होती, तिला ती देऊही केली होती, पण अट प्रथम श्रेणीची. हेडमास्तरांनी पंचवीस जुलैपर्यंत थांबतो म्हणून सांगितलं होतं. त्यानंतर जागा दुसऱ्याची.

प्रात्यक्षिकाचे गुण कॉलेजच विद्यापीठाला कळवायचं, तेव्हा दुरुस्तीचं पत्रही कॉलेजच पाठवू शकत होतं. सिंधूने अर्ज दिला. रडारड केली असती, वडिलांना घेऊन आली असती, तर बुटले सरांनी तो अर्ज दहा मिनिटांत निकालात काढला असता. पण तिच्या अर्जात शेवटची ओळ होती: 'तरी उंदराची बोटे मोजण्यात यावीत ही नम्र विनंती.'

बुटले सरांनी तो अर्ज तीनदा वाचला. "गुण वाढवून मिळावा, असं म्हणत नाही ही. मोजण्यात यावीत म्हणते," ते मला म्हणाले. "उद्या प्रत्येक पोरगं असं म्हणायला लागलं तर कॉलेज चालवायचं कसं?" आणि त्यांनी समिती नेमली.

तर टेबलावर उंदीर होता, बरणी होती, दीपिकेची अकरावी आवृत्ती होती आणि चहा सांगितलेला होता. सिंधू बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. दार अर्धं उघडं असल्याने तिची चप्पल तेवढी दिसत होती.

"आधी या पालीपासून सुरुवात करू," बुटले सर म्हणाले.

"पाल नाही सर, सॅलॅमँडर," राजूरकर सर म्हणाले. त्यांच्या तोंडात कायम लवंग असे आणि ती एका गालातून दुसऱ्या गालात गेली की ते बोलत.

"त्याला पुढे किती?"

मी बरणी फिरवून मोजली. चार होती.

"पुस्तकात किती?"

"चार."

"म्हणजे अर्धा मुद्दा बरोबर आहे," बुटले सर खूश झाले. "पन्नास टक्के. आमच्याकडे त्याला उत्तीर्ण म्हणतात. आता उंदीर."

मी ट्रे पुढे ओढला. पुढच्या उजव्या पायाला चार बोटं दिसत होती. डाव्याही पायाला चार. राजूरकर सरांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"हा उंदीर कुठला?" त्यांनी विचारलं.

"गोदामातला," तायडेभाऊ म्हणाले. "कालच धरला."

"पिंजऱ्यात?"

"होय जी."

"मग झालं. पिंजऱ्यात धडपडताना बोट तुटलं असणार."

"दोनी पायाचं, सर? सारखंच?"

राजूरकर सरांनी लवंग दुसऱ्या गालात नेली. "दुसरा नमुना आणा," ते म्हणाले.

तायडेभाऊंनी दुसरा आणला. त्यालाही चारच. मग तिसरा आला. तोवर चहा आला, आणि बुटले सरांनी उंदरांकडे पाठ करून तो घेतला. तिसऱ्याचीही तीच गत.

"आपल्या भागातले उंदीर कुपोषित असतात," राजूरकर सर शांतपणे म्हणाले. "पुस्तकातला मुद्दा सुदृढ उंदराचा आहे."

तायडेभाऊंना राहवलं नाही. "सर, मले तुमच्यासारखं शास्त्र समजत नाही. पन बावीस वर्षं मी उंदरं धरून राह्यलो. समोर चार राह्यतेत अन् मागं पाच. तिकडं त्या भिंतीपाशी पिंजऱ्यात अजून सहा हायेत, पाहा. हातच्या कांकनाले आरसा कायले?"

"तायडे," राजूरकर सर म्हणाले, "तुम्ही नमुने आणायचे. निष्कर्ष आम्ही काढू."

बुटले सरांनी घड्याळाकडे बघितलं. साडेबारा वाजले होते. लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात. आम्ही तीन उंदीर काढले होते आणि डोंगर अजून जिथल्या तिथे होता. "दहा मिनिटं थांबू," ते म्हणाले आणि बाथरूमकडे गेले.

राजूरकर सरांनी मला खिडकीशी बोलावलं. मला वाटलं, रागावतील. पण ते रागावले नाहीत. इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"उमेकर, तुम्हाला खरं सांगतो. मी ती कधी मोजली नाहीत. आमचे सर नागपूरला सांगायचे, पाच. मी लिहून घेतलं, मग छापलं. अठरा वर्षं झाली. हजारांवर पोरांनी ते लिहिलं आणि आपण गुण दिले. आता चार म्हणायचं तर त्या सगळ्यांचा एकेक गुण कापायचा का? त्यांतले कितीतरी मास्तर झालेत. एक जण तर फौजदार आहे."

"सर, पण त्या मुलीचं..."

"मुलीचं वाईट व्हावं असं मला वाटतं का? तिचं आपण बघू. पण तुम्ही तुमचंही बघा. सोमवारची यादी माझ्यासमोर आहे. तुमचं नाव मी पहिलं लिहून ठेवलंय." त्यांनी खिशातून लवंगांची डबी काढून माझ्यापुढे धरली. "पेनानं नाही, पेन्सिलीनं लिहिलंय. तशीच पद्धत आहे."

मी एक लवंग घेतली. ती तोंडात ठेवल्यावर बोलायला थोडा वेळ लागतो, हे मला तेव्हा कळलं.

बुटले सर रुमालाने हात पुसत परत आले. "आता लांबवायला नको. आपण दोघं पदाधिकारी, आपण मोजलं तर पक्षपात म्हणतील. उमेकर तरुण आहेत, त्यांची नजर चांगली. त्यांनी भिंग लावून मोजावं आणि मोठ्याने सांगावं. जो आकडा येईल तो समितीचा."

तायडेभाऊंनी भिंग आणून दिलं. मी उंदरावर वाकलो. दाराबाहेरची चप्पल हलली. सिंधू उठून दाराशी आली असणार. मी पहिलं बोट म्हणालो, दुसरं म्हणालो, तिसरं म्हणालो, चौथं म्हणालो. मग थांबलो.

आणि तेव्हा मला ती दिसली. तळव्याच्या आतल्या कडेला एक गाठ होती, मोहरीएवढी, वर पापुद्र्यासारखी नखाची खूण. कधीकाळी उंदराच्या कुठल्या तरी पूर्वजाला तिथे अंगठा असेल, त्याचं ते उरलंसुरलं. बोट म्हणावं असं त्यात काही नव्हतं. त्याने काही धरता येत नव्हतं, त्यावर उभं राहता येत नव्हतं. मी प्राणिशास्त्राचा माणूस. बोट कशाला म्हणतात ते मला माहीत होतं.

"पाच," मी म्हणालो.

आवाज स्वच्छ निघाला. कुठे अडखळला नाही, याचीच मला आजही जास्त लाज वाटते.

राजूरकर सरांनी श्वास सोडला. बुटले सरांनी भिंग मागून घेतलं, लांबूनच गाठीच्या दिशेने धरलं आणि मान डोलावली. "छान. इतिवृत्तात घ्या. उंदराच्या पुढच्या पायाला पाच बोटे असल्याचे एकमताने ठरले."

मी 'ठरले' हा शब्द लिहिला. तायडेभाऊ ट्रेवर वाकून एकेक टाचणी उपटत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. तिन्ही उंदीर त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळले आणि निघून गेले.

"आता त्या मुलीचं," बुटले सर म्हणाले. ते मनाने वाईट नव्हते. त्यांची स्वतःची मुलगी शिक्षिका होती. "तिचं नुकसान व्हायला नको. तिने एक अर्ज लिहून द्यावा की मोजण्यात माझी चूक झाली. म्हणजे सहानुभूती म्हणून आपण तो गुण देऊ. चूक कबूल केली की गुण. उमेकर, तुम्ही लिहून घ्या तिच्याकडून. तुमची विद्यार्थिनी आहे."

असा तो न्याय झाला. बरोबर उत्तराला फुली, आणि ते चूक होतं असं लिहून दिलं की गुण.

मी बाहेर आलो तेव्हा सिंधू बाकावर बसलेली होती, मांडीवर सायकलची किल्ली. मी शेजारी बसलो नाही, समोर उभा राहिलो.

"ऐकलंस?"

"हो सर."

"गुण मिळेल तुला. एक अर्ज लिहून द्यायचा आहे फक्त."

"कसला?"

मी सांगितलं. ती किल्लीकडे बघत राहिली. माझ्या मनात आलं, ही नाही म्हणेल, आणि खोटं कशाला सांगू, क्षणभर मला तिने नाही म्हणावं असंच वाटलं. म्हणजे माझ्या वाटणीचंही तीच म्हणाली असती.

"सर, तुम्हाला खरंच पाच दिसले?"

मी इकडेतिकडे बघितलं. व्हरांड्यात कुणी नव्हतं. "चार आणि एक गाठ," मी म्हणालो.

"मग चार."

"चार."

"हे तुम्ही आत काऊन नाही म्हटलं?"

"कागद काढ," मी म्हणालो. तिने परत विचारलं नाही. तिने वहीतला कागद फाडला, बाकावर ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं. "सांगा," ती म्हणाली, तीन वर्षं मी वर्गात मुद्दे सांगायचो आणि ती लिहून घ्यायची, त्याच आवाजात.

मी सांगू लागलो. "माननीय प्राचार्य यांस. विनंती अर्ज. मी प्रात्यक्षिक परीक्षेत सातव्या मुद्द्यात उंदराची बोटे मोजताना चूक केली..." ती थोडं लिहून थांबली.

"सर, निरीक्षण कुणी केलं त्याचं नाव द्यावं लागते ना? तुम्हीच सांगितलं होतं. नाव नसलं तर निरीक्षण धरत नाही."

ते मी खरंच सांगितलं होतं. पहिल्या वर्षाला, जर्नल कसं लिहायचं ते शिकवताना. "दे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मग तिने माझी वाट बघितली नाही. आपलंच लिहीत गेली. लिहून झाल्यावर कागद माझ्या हातात दिला. अक्षर सुंदर होतं.

'मला उंदराच्या पुढच्या पायाला चार बोटे दिसली. परंतु प्रा. उमेकर सर यांनी दिनांक अठरा जुलै रोजी समितीसमोर स्वतः भिंग लावून ती मोजली असता पाच भरली. प्रा. उमेकर सर यांचे मोजणे बरोबर व माझे चूक, असे मी मान्य करते.'

खाली तिने सही केली होती, आणि सहीच्या खाली एक रेघ मारून ठेवली होती. रेघेखाली लिहिलं होतं: 'वरील मजकूर खरा आहे. निरीक्षक.'

"इथं तुमची सही लागेल सर," ती म्हणाली आणि पेन माझ्यापुढे केलं.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. सही केली नाही तर अर्ज अपुरा, तिचा गुण जाणार आणि आत जाऊन मला कारण सांगावं लागणार. केली तर ते चार शब्द आयुष्यभर माझे. जे घडलं ते सांगताना तिने एक अक्षरही खोटं लिहिलं नव्हतं. तिला चार दिसली होती, मी पाच म्हणालो होतो. खोटं लिहायची जागा तेवढी तिने मला मोकळी ठेवली होती.

मी सही केली. तिने शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली, मला नमस्कार केला आणि कागद आत नेऊन दिला. मग सायकल काढून गेली. मी खांबाला टेकून तिथेच उभा होतो, आणि मला फार एकटं वाटत होतं.

राजूरकर सरांना तो अर्ज बेहद्द आवडला. त्यांनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला. "बघा, किती समजूतदार मुलगी आहे. आणि तुमचं नाव कसं व्यवस्थित घातलंय." त्यांनी त्याची प्रत काढून स्वतःजवळ ठेवली. कशाला, ते मला पुढे कळलं.

दुरुस्तीचं पत्र बावीस तारखेला विद्यापीठात पोचलं. सिंधू पंचवीसला हिवरीच्या शाळेत रुजू झाली. सोमवारी माझी मुलाखत सात मिनिटं चालली आणि संध्याकाळपर्यंत मी कायम झालो. बायकोने पेढे वाटले. तायडेभाऊंना द्यायला मी स्वतः गेलो. त्यांनी पेढा घेतला, कपाळाला लावला आणि खिशात ठेवला. "घरी नातीले देतो," म्हणाले. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ते माझ्याशी कामापुरतं चांगलं बोलत राहिले.

पुढच्या वर्षी दीपिकेची बारावी आवृत्ती निघाली. सातवा मुद्दा होता तसाच होता. फक्त त्याच्यावर एक फुली होती आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत टीप: 'उंदराच्या पुढच्या पायास चारच बोटे असतात असा काहींचा गैरसमज आढळतो. परंतु प्रा. उमेकर यांनी प्रत्यक्ष निरीक्षण करून पाच बोटांची खात्री केली आहे.' राजूरकर सरांनी ती प्रत मला सही करून भेट दिली. मी आभार मानले. बढतीच्या अर्जात 'प्रकाशित संशोधन' असा एक रकाना असतो. माझ्याकडे त्यात लिहायला दुसरं काही नव्हतं, तेव्हा मी तीच टीप लिहिली आणि मला बढतीही मिळाली.

यथावकाश मी विभागप्रमुख झालो. सिंधूच्या शाळेबद्दल कधीमधी कानावर यायचं. गावंडे मॅडम पोरांना पुस्तक मिटवून बेडूक दाखवतात, चिमणीची पिसं मोजायला लावतात, त्यामुळे अभ्यासक्रम वेळेत पुरा होत नाही, अशी तक्रार होती. मी तिला भेटायला कधी गेलो नाही. जायची इच्छा नव्हती असं नाही, पण गेल्यावर तिने काही विचारलं नसतं, आणि तेच मला नको होतं.

राजूरकर सर गेले, तरी दीपिका चालू राहिली. त्यांचा मुलगा ती काढतो. माझी मुलगी मृण्मयी अमरावतीला बी.एस्सी.ला गेली तेव्हा तिच्या कॉलेजातही तीच लावली होती. पहिल्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी दुपारी तिचा वसतिगृहातून फोन आला. आवाजात नुसता आनंद होता.

"बाबा, दीपिकेत तुमचं नाव आहे. तुम्ही कधी सांगितलंच नाही."

"लहानशी टीप आहे ती."

"लहानशी कशी? आज परीक्षेत तोच प्रश्न होता. उंदीर आणि सॅलॅमँडर. आधी बाहेर मुलींचं भांडण सुरू होतं. दोघी म्हणत होत्या, आम्ही उंदराची बोटं मोजली, चारच आहेत. मी त्यांना पान उघडून तुमचं नाव दाखवलं. म्हटलं, हे माझे बाबा. मग सगळ्यांनी पाचच लिहिलं."

माझ्या हातातला फोन मी दुसऱ्या कानाला लावला.

"तू स्वतः मोजलीस का?"

"मी कशाला मोजू?" ती हसली. "तुम्ही मोजलीत ना?"

"हो," मी म्हणालो.